साधा की प्रो? मोबाइल घेताना बावन्न हजारांचा हिशेब

पूर्वी घरात शिलाई मशीन, फ्रिज किंवा मोटारसायकल घ्यायची असली की चार दिवस बोलणे चाले. अब्बांचे मत विचारले जाई, दोन-तीन दुकाने पाहिली जात, ओळखीच्या मेकॅनिकला विचारले जाई. आजचा वरच्या दर्जाचा मोबाइल यांपैकी बहुतेक वस्तूंहून महाग आहे. त्याची खरेदी मात्र दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या, अर्ध्या तासात उरकते. त्या अर्ध्या तासात विक्रेता एक प्रश्न हमखास विचारतो : “साधा कशाला घेता? थोडे पैसे वाढवा आणि प्रो घ्या ना!”

हा प्रश्न आता आपल्या घरांतही नवा राहिलेला नाही. कॉलेजला जाणारा मुलगा प्रोचा हट्ट धरतो. आखाती देशात नोकरी करणाऱ्या भावाला सुट्टीवर येताना अल्ट्रा आणायला सांगितले जाते. काही ठिकाणी तर मंगनीच्या बोलण्यात मुलाकडची मंडळी मोबाइलचे मॉडेल सांगू लागली आहेत. पैसे कुणाचेही असोत, ते कष्टाच्या कमाईचे असतात. म्हणून साधे मॉडेल आणि महागडे मॉडेल यांत खरा फरक किती, तो कुणाच्या उपयोगाचा आणि त्याची किंमत किती, हे शांतपणे तपासून पाहणे आम्हाला गरजेचे वाटते.

सर्व कंपन्यांचे सर्व फोन एका लेखात मावणार नाहीत. म्हणून ज्यांची चर्चा घराघरांत होते त्या दोन कंपन्यांच्या दोन जोड्या आम्ही घेतल्या आहेत : ॲपलचे आयफोन १७ आणि १७ प्रो, तसेच सॅमसंगचे गॅलेक्सी एस२५ आणि एस२५ अल्ट्रा. खाली दिलेल्या किमती हे फोन भारतात बाजारात आले तेव्हाच्या आहेत. सणांच्या सवलतीत त्या कमी होतात, पण दोन मॉडेलांमधली दरी बहुधा कायम राहते.

आयफोनची जोडी

९ सप्टेंबर २०२५ रोजी ॲपलने आयफोन १७ ची मालिका जाहीर केली. २५६ जीबी साठवणुकीच्या साध्या आयफोन १७ ची भारतातील किंमत ८२,९०० रुपये होती. तेवढ्याच साठवणुकीचा १७ प्रो १,३४,९०० रुपयांना होता. फरक ५२,००० रुपयांचा.

आधी दोघांत समान काय आहे ते पाहू. दोघांचा पडदा ६.३ इंचांचा आहे. दोघांचा पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, त्यामुळे बोटाने वर-खाली सरकवताना अक्षरे तुटल्यासारखी दिसत नाहीत. ही सोय आयफोन १५ आणि १६ च्या साध्या मॉडेलांत नव्हती, तिथे हा आकडा ६० होता आणि प्रो घेण्याचे ते एक मोठे कारण असे. १७ मध्ये ते कारण संपले. उन्हात पडदा वाचता येण्यासाठी लागणारा जास्तीत जास्त उजेड दोघांचा सारखाच आहे. पुढचा, म्हणजे सेल्फी आणि व्हिडिओ कॉलचा कॅमेराही दोघांना एकच, १८ मेगापिक्सेलचा दिला आहे. पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा एकच, सॉफ्टवेअरही एकच.

शेवटच्या दोन-तीन गोष्टींकडे जरा लक्ष द्यावे. आपल्या घरांतला मोबाइलचा सर्वांत जिव्हाळ्याचा उपयोग कोणता? परदेशातल्या मुलाशी, सासरी गेलेल्या मुलीशी समोरासमोर बोलणे. त्या कामासाठी वापरला जाणारा कॅमेरा ८३ हजारांच्या फोनमध्ये आणि १ लाख ३५ हजारांच्या फोनमध्ये एकसारखा आहे. कॉल अडखळला तर दोष बहुतेक वेळा नेटवर्कचा असतो आणि नेटवर्क प्रो घेतल्याने सुधारत नाही.

मग बावन्न हजारांत मिळते काय?

काहीच मिळत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. प्रोमध्ये मागच्या बाजूला तिसरा कॅमेरा असतो, तो दूरच्या वस्तू जवळ आणतो. साध्या मॉडेलमध्ये दोनच कॅमेरे आहेत. तिथे दुपटीपर्यंतचे चित्र मुख्य कॅमेऱ्याच्या मधल्या भागातून चांगले मिळते, त्यापुढे मात्र चित्र फक्त ताणून मोठे केले जाते आणि ते पुसट होऊ लागते. प्रोमध्ये चौपट जवळ आणणारी खरी भिंग-व्यवस्था आहे. जलशात मागच्या रांगेत बसून व्यासपीठाचे छायाचित्र घ्यायचे असेल, शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या मुलाला टिपायचे असेल, तर हा फरक डोळ्यांना दिसतो. प्रोच्या मुख्य कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा भाग आकाराने मोठा आहे, त्यामुळे रात्रीच्या कार्यक्रमात त्याचे चित्र थोडे सरस येते.

दुसरा फरक उष्णतेचा. प्रोमध्ये आतली उष्णता पसरवणारी खास व्यवस्था आहे. तासभर व्हिडिओ चित्रित करणाऱ्याला किंवा जड खेळ खेळणाऱ्याला तिचा फायदा होतो. तिसरा फरक बॅटरीचा, प्रो काही वेळ जास्त चालतो. चौथा फरक केबलचा. दोन्हीकडे टाइप-सी जोडणी आहे, पण प्रोमधून मोठ्या फायली संगणकात कितीतरी वेगाने उतरतात. व्यावसायिक चित्रीकरणाचे काही खास प्रकारही फक्त प्रोमध्येच मिळतात.

आता घरातला रोजचा वापर डोळ्यांसमोर आणा. व्हॉट्सॲप, फोन, नमाजच्या वेळा, तिलावत ऐकणे, मुलांचे शाळेचे ग्रुप, यूपीआयने पैसे देणे, डिजिलॉकरमधली कागदपत्रे, रेल्वेचे तिकीट, यूट्यूबवरच्या पाककृती. यांतल्या एकाही कामात वरचे चार फरक कामी येत नाहीत. छायाचित्रांचेही तसेच. निकाहच्या समारंभात काढलेले सुंदर चित्र आपण शेवटी व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि व्हॉट्सॲप ते आकुंचित करून पाठवते. एचडीचा पर्याय निवडला तरी मूळ चित्राचा पूर्ण तपशील समोरच्याकडे पोहोचत नाही. ज्या बारकाव्यासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो वाटेतच गळून पडतो.

वजनाचीही एक गोष्ट आहे. साधा आयफोन १७ हा १७७ ग्रॅमचा आहे, प्रो सुमारे २०५ ग्रॅमचा. आकडा छोटा वाटतो, पण पलंगावर पडून तासभर फोन हातात धरणाऱ्या अम्मींच्या मनगटाला विचारावे!

सॅमसंगमध्ये उत्तर थोडे बदलते

सॅमसंगने एस२५ मालिका २२ जानेवारी २०२५ रोजी जाहीर केली. २५६ जीबीचा साधा एस२५ हा ८०,९९९ रुपयांना आणि तेवढ्याच साठवणुकीचा अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांना होता. फरक ४९,००० रुपयांचा.

इथे दोन्ही फोनचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, एकच आहे. रॅमही दोघांत १२ जीबी. सात वर्षे नवीन सॉफ्टवेअर आणि सुरक्षा सुधारणा देण्याचे कंपनीचे वचनही दोघांना सारखेच लागू आहे. साध्या एस२५ मध्ये तिप्पट जवळ आणणारा कॅमेराही दिलेला आहे. म्हणजे वेग, आयुष्य आणि झूम या तिन्ही बाबतींत साधे मॉडेल उघडे पडत नाही.

बॅटरीत मात्र फरक जाणवतो. साध्या एस२५ ची बॅटरी ४,००० एमएएचची आणि चार्जिंग २५ वॉटचे. अल्ट्राची बॅटरी ५,००० एमएएचची आणि चार्जिंग ४५ वॉटचे. जो माणूस सकाळी घराबाहेर पडतो, दिवसभर रिक्षा-टॅक्सीत नकाशा चालू ठेवतो किंवा माल पोहोचवताना सतत फोनवर असतो, त्याला हा फरक संध्याकाळी कळेल. त्याच्यासाठीही अल्ट्रा हा एकच उपाय नाही. मधले एस२५ प्लस हे मॉडेल ४,९०० एमएएच बॅटरी आणि ४५ वॉट चार्जिंगसह ९९,९९९ रुपयांना होते. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे खिशात एक चांगली पॉवर बँक.

अल्ट्राचा पडदा ६.९ इंचांचा, मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा, सोबत लिहिण्याची पेन्सिल. वजन २१८ ग्रॅम. साधा एस२५ मात्र १६२ ग्रॅमचा, सहज एका हातात मावणारा. नकाशे काढणारे, पीडीएफवर खुणा करणारे, पडद्यावर सही घेणारे यांना ती पेन्सिल खरोखर उपयोगी पडते. बाकीच्या घरांत ती पहिल्या आठवड्यानंतर आपल्या खोबणीतच राहण्याचा संभव अधिक.

महाग फोन जास्त वर्षे टिकतो का?

“एकदाच चांगला घेऊ, म्हणजे जास्त वर्षे चालेल,” हा युक्तिवाद घरातली वडीलधारी माणसे करतात. सागवानी कपाटाच्या बाबतीत तो खरा आहे. मोबाइलच्या बाबतीत तो तपासून घ्यावा लागतो.

२०१८ मध्ये ॲपलने आयफोन एक्सआर हे तुलनेने स्वस्त आणि एक्सएस हे महाग मॉडेल आणले. भारतात एक्सआरची किंमत ७६,९०० पासून आणि एक्सएसची ९९,९०० रुपयांपासून सुरू होत होती. दोघांत प्रोसेसर एकच होता. पुढे २०२५ मध्ये आयओएस २६ हे नवे सॉफ्टवेअर आले, तेव्हा हे दोन्ही फोन एकाच दिवशी यादीतून बाहेर पडले. तेवीस हजार रुपये जास्त मोजणाऱ्याला एक दिवसही जास्त मिळाला नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ च्या आयफोन १५ मालिकेत साध्या मॉडेलला आदल्या वर्षीचा प्रोसेसर दिला होता आणि प्रोला नवा. पुढच्याच वर्षी ॲपलने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी आणल्या, तेव्हा त्या १५ प्रोला मिळाल्या, साध्या १५ ला मिळाल्या नाहीत. म्हणजे कंपनी दरवर्षी साध्या मॉडेलातून काय काढून ठेवते, यावर सौदा चांगला की वाईट हे ठरते. २०२३ मध्ये साध्या मॉडेलातून बरेच काही काढून ठेवले होते. २०२५ मध्ये फार थोडे. म्हणून “साधा नेहमीच बरा” किंवा “प्रोच घ्यावा” असा कायमचा नियम करण्यापेक्षा त्या वर्षी कोणती गोष्ट अडवून ठेवली आहे, तेवढे विचारावे. प्रोसेसर त्याच पिढीचा आहे का आणि सॉफ्टवेअर तेवढीच वर्षे मिळणार का, या दोन्हींचे उत्तर ‘हो’ आले, तर साध्या मॉडेलचे आयुष्य कमी नाही.

आता महिन्याचा हिशेब करू. फोन चार वर्षे, म्हणजे ४८ महिने वापरला असे धरा. साधा आयफोन १७ महिन्याला सुमारे १,७२७ रुपयांना पडतो, प्रो सुमारे २,८१० रुपयांना. दरमहा १,०८३ रुपये, तेही चार वर्षे, आपण त्या तिसऱ्या कॅमेऱ्याला देत आहोत. जुना फोन विकताना प्रोला जास्त पैसे येतात हे खरे. पण समजा दोन्ही फोन निम्म्या किमतीवर आले, तर साध्यात ४१,४५० रुपयांचे नुकसान होते आणि प्रोमध्ये ६७,४५० रुपयांचे. करही किमतीबरोबर वाढतो. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेला असतो. प्रो घेणारा साध्यापेक्षा जवळपास आठ हजार रुपये जास्त कर भरतो.

‘थोडेच जास्त’ची शिडी

ॲपलच्या २०२५ च्या किमती एका ओळीत लावून पाहाव्यात. आयफोन १७ चा २५६ जीबी ८२,९००, त्याचाच ५१२ जीबी १,०२,९००, आयफोन एअर १,१९,९००, प्रो १,३४,९००, प्रो मॅक्स १,४९,९००. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा फक्त पंधरा-वीस हजारांनी वर आहे. “एक लाख तीन हजार देतच आहात, तर सतरा हजारांत एअर घ्या,” “एअर घेताच आहात, तर पंधरा हजारांत प्रो,” असे करत माणूस ८३ हजारांचे ठरवून आत जातो आणि दीड लाखांचे बिल घेऊन बाहेर येतो. एका पायरीवर कुठेही मोठी उडी वाटत नाही. एकूण उडी मात्र ६७,००० रुपयांची असते.

यावर उपाय जुनाच आहे. घरातून निघताना आकडा ठरवावा आणि तुलना वरच्या पायरीशी न करता आपल्या गरजेशी करावी. खालच्या पायरीकडेही एकदा पाहावे. १७ आल्यावर आयफोन १६ ची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० वर आली. एक वर्ष थांबणाऱ्याचे दहा हजार वाचले.

‘नो कॉस्ट’ हप्ते आणि सूद

प्रो मॉडेल बहुतेक वेळा रोखीने घेतले जात नाही, हप्त्यांवर घेतले जाते. फलकावर ‘नो कॉस्ट ईएमआय’ असे लिहिलेले असते आणि सूद टाळणाऱ्या घरांनाही वाटते की इथे व्याज नाही. व्यवहार आत कसा चालतो हे समजून घेणे गरजेचे आहे.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नसते आणि अशा योजनांत व्याज इतर शुल्कांत लपवले जाते. आज क्रेडिट कार्डावरच्या बहुतेक योजनांत बँक ठरलेल्या दराने व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढ्याच रकमेची सूट सुरुवातीला देते, म्हणून एकूण बेरीज छापील किमतीएवढी दिसते. उदाहरणार्थ, ८२,९०० च्या फोनवर बारा हप्ते आणि १६ टक्के दर धरला, तर सुमारे ६,७५० रुपये व्याज म्हणून नोंदले जातात. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १,२०० रुपये, ग्राहकाच्या खात्यातून जातात. प्रोसाठी हा कर सुमारे २,००० होतो. प्रक्रिया शुल्क वेगळे. हप्ता चुकला तर दंड आणि वाढीव व्याज आलेच.

म्हणजे कागदावर हे व्याजाचे कर्ज असते. शरीअतच्या दृष्टीने त्याचा निर्णय काय, हे आपल्या भागातील जाणकार आलिमांना कार्डाचे विवरणपत्र दाखवून विचारावे. आम्ही एवढेच म्हणू की फलकावरच्या शब्दावर विसंबू नये. “मी रोखीने घेतो, हप्तेवाल्याला देता ती सूट मला द्या,” असे दुकानदाराला विचारून पाहावे. पुष्कळदा काही ना काही सुटते. बोलीशिवाय चालणारी, ओळखीच्या बायकांची भिशी हाही आपल्याकडचा जुना मार्ग आहे. महिना सात हजारांची बारा जणींची भिशी ८४,००० रुपये हातात देते, तेही व्याजाशिवाय.

दुबईहून मागवताना

कोकणातल्या आणि मुंबईतल्या कित्येक घरांत फोन आखाती देशांतून येतो. तिथे स्वस्त मिळतो ही समजूत आता निम्मीच खरी आहे. दुबईत आयफोन १७ हा ३,३९९ दिरहमला जाहीर झाला. दिरहम २४ रुपयांचा धरला, तर ही रक्कम सुमारे ८१,६०० रुपये होते. भारतातल्या किमतीशी फरक हजार-तेराशेचा. प्रो ४,६९९ दिरहमला, म्हणजे सुमारे १,१२,८०० रुपयांना होता, तिथे बावीस हजारांची बचत दिसते. त्यामुळेच भावाकडे प्रोची मागणी होते. पण बचत बावीस हजारांची असली तरी भावाच्या खिशातून साध्यापेक्षा एकतीस हजार जास्तच जातात.

दोन गोष्टी आधी पाहाव्यात. संयुक्त अरब अमिरात, सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन इथे विकल्या जाणाऱ्या आयफोन १७ मालिकेच्या फोनमध्ये सिमकार्डाची खाचच नसते, त्यांत फक्त ई-सिम चालते. जिओ, एअरटेल, व्हीआय ई-सिम देतात. पण फोन बंद पडला की सिम काढून जुन्या फोनमध्ये टाकण्याची सोय उरत नाही. घरातल्या बुजुर्गांसाठी फोन आणत असाल तर हे लक्षात ठेवावे. दुसरे म्हणजे विमानतळावरची कस्टम्सची मर्यादा आणि भारतात वॉरंटी चालेल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्रो कुणी घ्यावा?

ज्याची रोजी त्यावर आहे, त्याने जरूर घ्यावा. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारा तरुण, घटनास्थळावरून चित्रफिती पाठवणारा पत्रकार, खाद्यपदार्थांचे किंवा शिलाईकामाचे व्हिडिओ बनवून ग्राहक मिळवणारी भगिनी, घराची मापे फोनने घेणारा इंटिरिअरचा कारागीर. यांच्यासाठी बावन्न हजार हे अवजारावरचे भांडवल आहे आणि ते काही महिन्यांत परतही येऊ शकते. ज्यांना ऐपत आहे आणि छायाचित्रणाची खरी आवड आहे, त्यांनाही कुणी अडवू नये. नजर अधू झालेल्यांना मोठा पडदा हवा असतो, पण तो प्रो मॅक्समध्येच मिळतो असे नाही. वीस-पंचवीस हजारांच्या अनेक फोनना पावणेसात इंचांचा पडदा असतो.

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर चार उत्तरे लिहून न्यावीत :

१. गेल्या महिन्यात दूरचे छायाचित्र किती वेळा काढावे लागले?
२. फोन संध्याकाळपर्यंत पुरत नाही, असे आठवड्यातून किती दिवस होते?
३. वरच्या मॉडेलची कोणती सोय माझ्या कामात पैसे मिळवून देईल?
४. फरकाची रक्कम हातात रोख असती, तर घरात ती आधी कशावर खर्च झाली असती?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या सर्वांनी मिळून द्यावे. कुठे मुलीच्या कोचिंगची फी निघेल, कुठे अब्बांच्या डोळ्यांचे राहिलेले ऑपरेशन, कुठे आईसाठी दुसरा साधा फोन आणि मुलांसाठी टॅबलेट दोन्ही त्यात बसतील. गरजेच्या वस्तूवर खर्च करणे वाईट नाही. चांगली वस्तू वापरणेही वाईट नाही. इसराफ सुरू होतो तो न लागणाऱ्या गोष्टीसाठी, लोकांना दाखवण्यासाठी, तेही उधारीवर खर्च केल्यावर. मुलीच्या बापाकडून मंगनीत प्रो मागणाऱ्यांनी तर हा हिशेब दोनदा करावा, कारण ती रक्कम त्यांनी कमावलेलीही नसते.

२०२५ च्या या दोन जोड्यांपुरते आमचे मत स्पष्ट आहे. दहापैकी नऊ कामे जिथे फोन, व्हॉट्सॲप, अभ्यास आणि घरगुती छायाचित्रांची आहेत, तिथे साधे मॉडेल पूर्ण मोबदला देते. ते घ्यावे, चांगले कव्हर आणि पडद्यावर काच लावावी, दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलून घ्यावी आणि सॉफ्टवेअर मिळत राहील तोवर वापरावे. उरलेल्या बावन्न हजारांचे काय करायचे, ते घरातल्या माणसांना नक्की माहीत असते.